‘पाणीच तर आहे’ असं म्हणू नका

साइटवर दिवस संपत आला की एक ऑर्डर हमखास येते. “अरे, तो प्रेशर घे आणि साहेबांच्या गाडीवर जरा मार.” त्या वेळी ज्याचे हात मोकळे असतात तो जातो. कधी हेल्पर, कधी ऑफिसबॉय, कधी शटरिंगवाला सुतार. वेल्डिंग करायचं तर सर्टिफिकेट बघतात, उंचीवर चढायचं तर बेल्ट आहे का विचारतात. प्रेशर वॉशर चालवायला मात्र कोणी काही विचारत नाही. कारण सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “पाणीच तर आहे.”

हे वाक्य मीही खूप वेळा म्हटलंय. आता म्हणत नाही. का म्हणत नाही ते आज सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे आणि ती लपवून तुम्हाला शहाणपण शिकवणं बरोबर नाही.

इथे अमिरातीतच, आमच्या साइटवरची गोष्ट. जळगावकडचा एक पोरगा, वय तेवीस, शटरिंगला हेल्पर. मीच त्याला पिकअप धुवायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी क्लायंट येणार होता आणि गाडी चिखलाने भरली होती. आमच्या मशीनच्या गनचा ट्रिगर कोणीतरी बाइंडिंग वायरने आवळून ठेवला होता, दाबून दाबून बोट दुखू नये म्हणून. म्हणजे मशीन चालू झालं की पाणी सुरू, हात सुटला तरी सुरूच. पोराने उजव्या हातात गन धरली आणि डाव्या हातातल्या फडक्याने मडगार्डच्या आतला चिखल पुसायला गेला. क्षणभर धार बोटावरून गेली.

तो माझ्याकडे आला तेव्हा डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक बारीक भोक होतं. टाचणी टोचल्याएवढं. रक्ताचे दोन थेंब. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाला, “काही नाही दादा, मुंगी चावल्यासारखं झालं.” मी फर्स्ट एड बॉक्समधली पट्टी लावली आणि त्याला बसमध्ये बसवून कॅम्पवर पाठवलं.

रात्री बोट सुजलं. पहाटेपर्यंत तळहात सुजला. रूममधल्या पोरांनी हळद लावली, एकाने दुखण्याची गोळी दिली. सकाळी हॉस्पिटलला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काल का आणलं नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन ऑपरेशनं झाली. बोट वाचलं, पण त्याचं शेवटचं पेर आता वाकत नाही. ज्या पोराने आयुष्यभर हातोडी धरून पोट भरायचं, त्याला मूठ पूर्ण आवळता येत नाही.

हे सगळं कशाने झालं? पाण्याने.

पाणी एवढं कसं कापतं?

आकड्यात सांगतो, म्हणजे पटेल. आपल्या नळाला साधारण ३ ते ४ बार प्रेशर असतं. कारच्या टायरमध्ये आपण ३२ ते ३५ पीएसआय हवा भरतो, म्हणजे सव्वादोन बारच्या आसपास. घरगुती छोटा प्रेशर वॉशर १०० बारच्या पुढेच असतो. साइटवरचे मोठे मशीन १५० ते २०० बार, काही त्याहून जास्त. १५० बार म्हणजे जवळजवळ २२०० पीएसआय. टायरच्या साठपटीहून अधिक. आणि हे सगळं प्रेशर एका बारीक भोकातून बाहेर येतं. माणसाची कातडी फोडायला याच्यापेक्षा कितीतरी कमी प्रेशर पुरतं.

गावाकडे फवारणीचा एचटीपी पंप आपल्यापैकी बऱ्याच जणांनी चालवलाय. त्यामुळे वाटतं की हा त्याचाच भाऊ. पण तो पंप पाणी फवारतो, धुक्यासारखं पसरवतो. इथे बारीक नोझल लावलं की पाणी पसरत नाही, सुईसारखं सरळ घुसतं.

आणि आत गेलेलं पाणी एका जागी थांबत नाही. बोटात ज्या नळीतून स्नायूची दोरी सरकते, त्या वाटेने ते पुढे तळहातापर्यंत जाऊ शकतं. जाताना सोबत साबण, ग्रीस, माती, जंतू घेऊन जातं. बोटात जागा किती असणार? आतून सूज आली की रक्त पोचणं बंद होतं आणि मांस मरायला लागतं. बाहेरून मात्र टाचणीएवढं भोक. सुरुवातीला दुखतही नाही फारसं. म्हणूनच ही जखम फसवी आहे. मोठी जखम असती तर मी त्या पोराला पळवतच नेलं असतं.

तसं झालं तर काय करायचं

बाकी लेख विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. प्रेशरच्या धारेने कातडीला भोक पडलं, कितीही बारीक, दुखत असो वा नसो, तर ती इमर्जन्सी आहे. उद्यावर टाकायची नाही. कॅम्पवर जायचं नाही. तासातासाचा हिशेब असतो, जितका उशीर तितकी बोट किंवा हात गमावायची शक्यता वाढते.

मशीन बंद करा. अंगठी, घड्याळ, कडं काढून टाका, नंतर सुजलं की निघत नाही. स्वच्छ कापडाने झाका, हात वर धरा. पिळून पाणी काढायचा प्रयत्न करू नका, चोळू नका. हळद, टूथपेस्ट, डिझेल असलं काही लावू नका. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून डॉक्टर बघेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका. आणि छोट्या क्लिनिकमध्ये नाही, इमर्जन्सी विभाग असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा. अमिरातीत अँब्युलन्सचा नंबर ९९८.

डॉक्टरला चार गोष्टी सांगायच्या: प्रेशर वॉशर लागलाय, मशीन किती बारचं आहे, पाण्यात काय मिसळलं होतं, किती वाजता लागलं. नुसतं “हाताला लागलं” म्हटलं तर तिथेही पट्टी बांधून परत पाठवू शकतात. मशीनवरच्या प्लेटचा फोटो काढून न्या, साबणाच्या किंवा केमिकलच्या डब्याचाही. भाषा येत नसेल तर फोटो बोलतो.

डोळ्यात धार गेली तरी हेच. डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, सरळ हॉस्पिटल.

मशीन हातात घेण्याआधी

आता काम नीट कसं करायचं ते सांगतो. यात अवघड काही नाही, पाच मिनिटांची गोष्ट आहे.

आधी पाइप बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे फुगलाय का, चिरलाय का, आतली तार दिसतेय का. दिसली तर तो पाइप संपला. त्यावर टेप गुंडाळून काम करायचं नाही, २०० बारपुढे टेप म्हणजे कागद. गळतंय असा संशय आला तर हात फिरवून शोधू नका. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. बारीक गळतीची धार डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला भोक पाडते.

मग ट्रिगर बघा. सोडला की पाणी लगेच बंद झालं पाहिजे. वायर, दोरी, झिपटाय काही बांधलेलं असेल तर तोडून टाका. ट्रिगर सोडला की बंद, हीच त्या मशीनची सगळ्यात मोठी सेफ्टी आहे. हात दुखत असेल तर दोघांनी आळीपाळीने करा. दहा मिनिटांनी काम संपलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

त्यानंतर नोझल. बहुतेक मशीनला रंगीत नोझल येतात आणि रंग शोभेसाठी नसतो. लाल म्हणजे शून्य अंश, सरळ सुईसारखी धार. गाडीवर लाल कधीच नाही, आणि खरं तर आपल्या बहुतेक कामात त्याची गरजच नाही. पिवळं १५ अंश, ते काँक्रीट किंवा लोखंडावरचा जाड चिखल काढायला. हिरवं २५ आणि पांढरं ४० अंश. गाडीच्या बॉडीला पांढरं घ्या, फार तर हिरवं. काळं साबणासाठी, त्याला प्रेशर नसतंच जवळजवळ. नोझल बदलायचं तर मशीन बंद करून, ट्रिगर दाबून आतलं प्रेशर सोडून, मगच. मशीन बंद असलं तरी पाइपमध्ये प्रेशर कोंडलेलं असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. नोझल नीट बसलं नाही तर ते गोळीसारखं उडतं.

अंगावर काय? डोळ्यांना चारही बाजूंनी बंद गॉगल, पायात गमबूट किंवा सेफ्टी शूज, फुल पँट, हातमोजे. स्लीपर घालून कोणी प्रेशर मारत असेल तर थांबवा. पण एक ध्यानात ठेवा, साधे हातमोजे धार अडवत नाहीत. मोजे घसरू नये आणि साबण लागू नये म्हणून आहेत, धारेपुढे हात धरण्यासाठी नाहीत. मशीनचा आवाज मोठा असेल तर कानात प्लग घाला.

करंट आणि धूर

इलेक्ट्रिक मशीन म्हणजे पाणी आणि २४० व्होल्ट एकाच जागी. आपले पाय ओल्या जमिनीवर आणि हात ओले. मशीन ईएलसीबी असलेल्या लाइनवरच लावा, माणसाचा जीव वाचवायला तो ३० मिलीअँपिअरचा लागतो. काम सुरू करायच्या आधी त्याचं टेस्टचं बटण दाबा. लाइन पडली तर तो चालतोय. नाही पडली तर काम बंद आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक्स्टेंशन शक्यतो वापरू नका. वापरायचीच तर जाड वायरची, रीलवरून पूर्ण उलगडलेली, नाहीतर ती तापते. जोड जमिनीवर पाण्यात पडू देऊ नका, उंच कोरड्या जागी ठेवा. तीन पिनच्या प्लगमध्ये काडी घालून उघड्या वायरी खुपसणारे महाभाग आपल्यात आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, नका करू. अर्थिंग तुटलेलं मशीन ओल्या माणसाला दुसरी संधी देत नाही.

पेट्रोलच्या मशीनला करंटची भीती नाही, पण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बेसमेंट पार्किंगमध्ये, बंद शेडमध्ये, कंटेनरमध्ये हे मशीन चालवायचं नाही. दार उघडं ठेवलं, पंखा लावला, तरी नाही. डोकं दुखतंय, चक्कर येतेय, मळमळतंय असं वाटलं की आपण म्हणतो ऊन लागलं. धुराचंही अगदी तसंच होतं. आधी मोकळ्या हवेत या, दुसऱ्यालाही बाहेर काढा, मग मदत बोलवा. गरम इंजिनमध्ये पेट्रोल ओतू नका.

गाडी धुताना

गाडी सावलीत घ्या, बॉडी आणि ब्रेक थंड होऊ द्या. इथल्या उन्हात पत्र्याला हात लागत नाही, त्यावर साबण टाकला की लगेच वाळतो आणि डाग धरतो. आधी साध्या पाण्याने रेती वाहू द्या. रेती न काढता फडकं मारलं तर पेंटवर ओरखडे पडतात, आणि ते आपल्या पगारातून कापायला काही जण टपलेलेच असतात.

दोन्ही हात गनवर, पाय फाकवून घट्ट. ट्रिगर दाबला की गन मागे ढकलते. सुरुवात एक मीटरवरून करा, मग हळूहळू पुढे या. एक फुटाच्या आत जाऊ नका. धार समोरून काटकोनात नको, तिरकी ठेवा आणि एका जागी थांबू नका. दुसरा हात धारेच्या पुढे कधीच नाही. पुसायचं असेल तर आधी ट्रिगर सोडा, लॉक लावा, गन खाली ठेवा, मग फडकं घ्या. आमच्या पोराने एवढं एकच केलं असतं तर आज त्याचं बोट वाकलं असतं. आणि ट्रिगरला वायर होती म्हणून त्याला ते करता येत नव्हतं.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर जवळून धार मारू नका. रबर आतून खराब होतं, बाहेरून काही कळत नाही, आणि तो टायर पुढे हायवेवर फुटू शकतो. काचेचे रबर, स्टिकर, पेंट उडालेल्या जागा, रेडिएटरची जाळी इथे लांबूनच. बॉनेट उघडून इंजिनवर प्रेशर मारायचं नाही. वायरिंगमध्ये पाणी गेलं की गाडी चालू होत नाही आणि नाव आपलं येतं.

चाकं साफ करायच्या काही केमिकलमध्ये तेज ॲसिड असतं. लेबल नसलेल्या बाटलीतलं काही वापरू नका, आणि ॲसिड व ब्लीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. ट्रकचं टप धुवायला शिडीवर चढून गन चालवू नका. धक्का बसला की तोल जातो. लांब लान्स घ्या किंवा चाकवाला प्लॅटफॉर्म.

आणि मस्करी. भर उन्हाळ्यात एकमेकांवर पाणी उडवायला कोणाला आवडत नाही? बादलीने उडवा. गन माणसाकडे रोखायची नाही, मित्राकडे नाही, मांजराकडे नाही, स्वतःच्या बुटांवरचा चिखल काढायलाही नाही. कपडे अंगात असताना त्यांच्यावर धार मारून धुणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

संपल्यावर क्रम असा: मशीन बंद, नळ बंद, ट्रिगर दाबून उरलेलं प्रेशर सोडा, लॉक लावा, प्लग काढा, पाइप गुंडाळा. फरशीवरचं साबणाचं पाणी झाडून टाका, तुमच्यानंतर कोणीतरी तिथून चालणार असतं.

हे तुमचं काम, पण जबाबदारी कोणाची?

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळं कामगारानेच सांभाळायचं. नाही. आता खऱ्या मुद्द्यावर येतो.

अपघात झाला त्या संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला होता. सवयीने एक ओळ लिहिली, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली.’ अशी ओळ लिहायला हात अडखळत नाही, सगळे रिपोर्ट तसेच असतात. पण त्या पोराचा सुजलेला हात बघून आल्यावर मला ती वायर आठवली. ती त्याने बांधली नव्हती. ती महिनाभर तरी तिथे होती. मी पाहिली होती, फोरमनने पाहिली होती, सेफ्टीवाल्याने पाहिली होती. त्याला मशीन कसं चालवायचं हे कोणी शिकवलं नव्हतं. गॉगल दिला नव्हता. आणि निष्काळजी तो? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

मी रिपोर्ट बदलला. वायर आधीपासून होती, ट्रेनिंग दिलं नव्हतं, मी त्याला पाठवलं आणि मीच हॉस्पिटलला नेलं नाही, असं लिहिलं. त्याबद्दल ऑफिसात मला काय ऐकावं लागलं ते सोडा. ही काही बहादुरी नव्हती, ती एक दिवस उशिरा सुचलेली अक्कल होती. पण त्या दोन ओळींनी त्या पोराला फरक पडला. का, ते समजून घ्या.

अमिरातीचा कामगार कायदा म्हणजे २०२१ चा ३३ क्रमांकाचा कायदा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात कामावर इजा झाली तर उपचाराचा खर्च मालकाने करायचा असतो. उपचार चालू असताना सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार, त्यापुढे गरज पडली तर आणखी सहा महिने अर्धा पगार. अवयव कायमचा अधू झाला तर ठरलेल्या टक्केवारीने भरपाई. पण याच कायद्यात एक पळवाट आहे. सेफ्टीच्या सूचना दिसेल अशा ठिकाणी लावलेल्या असतील आणि कामगाराने त्या जाणूनबुजून मोडल्या असं सिद्ध झालं, तर भरपाई नाकारता येते. म्हणजे ट्रिगरला बांधलेली ती वायर फक्त बोट खात नाही, हक्कही खाते. ‘याने स्वतः बांधली’ एवढं म्हटलं की संपलं.

म्हणून नियम पाळायचे ते फक्त जीव वाचवायला नाही. उद्या वेळ आली तर “मी माझ्या बाजूने बरोबर होतो” हे ठासून सांगता यावं म्हणून पण.

मग तुम्ही काय करू शकता? मशीन खराब असेल तर नुसतं तोंडी बोलू नका. वायर बांधलेल्या गनचा, फाटलेल्या पाइपचा फोटो काढा आणि फोरमनला व्हॉट्सॲपवर पाठवा. दोन शब्द पुरे, “हे खराब आहे, बदलून द्या.” भाषा मोडकी असली तरी चालेल, तारीख आणि वेळ आपोआप पडते. गॉगल, बूट, मोजे मागा. सेफ्टीचं सामान देणं मालकाचं काम आहे, त्याचे पैसे पगारातून कापणं बरोबर नाही. “मला हे चालवता येत नाही, आधी दाखवा” असं म्हणायला लाजू नका. हे वाक्य कमीपणाचं नाही. ज्याला काम येतं तोच असं म्हणतो.

ड्यूटीच्या वेळात सुपरवायझरने सांगितलं म्हणून साहेबांची गाडी धुतली, तर तीही ड्यूटीच. “ते तर खासगी काम होतं” असं नंतर कोणी म्हणू नये म्हणून कोणी सांगितलं त्याचा मेसेज जपून ठेवा. ड्यूटीनंतर थांबवलं तर तो ओव्हरटाइम आहे, मूळ पगाराच्या हिशेबाने किमान २५ टक्के जास्त, आणि रात्री १० ते पहाटे ४ मध्ये ५० टक्के जास्त. जे भाऊ एखाद्या घरी ड्रायव्हर आहेत आणि रोज गाड्या धुतात, त्यांच्यासाठी कायदा वेगळा आहे, २०२२ चा ९ क्रमांकाचा. पण सुरक्षित जागा आणि उपचार हा हक्क त्यांनाही आहे.

उन्हाचंही तसंच. पाणी उडतंय म्हणून ऊन लागत नाही हा भ्रम आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उघड्या उन्हात काम करायला बंदी आहे, आणि गाडी धुणं हे कामच आहे. सौदीत त्याच तारखांना १२ ते ३. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३०. “गाडीच तर धुवायचीय, पाच मिनिटं” असं सांगून त्या वेळात कोणाला बाहेर काढत असतील तर तो नियमभंग आहे.

सुट्टीच्या दिवशी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चोरून गाड्या धुवून चार पैसे जोडणारे आपले बरेच भाऊ आहेत. पैशाची नड मला कळते, मीही घरी पाठवतो. पण परमिटशिवाय दुसऱ्याकडे काम करणं इथे गुन्हा आहे. तिथे धार हाताला लागली तर तुमची कंपनी म्हणणार आमचा संबंध नाही, आणि पकडले जाऊ म्हणून तुम्ही हॉस्पिटललाही जाणार नाही. सगळ्यात वाईट ते हेच. करायचंच असेल तर पार्टटाइम परमिट काढून करा. आणि तसं काही न करता लागलंच, तरी आधी हॉस्पिटल. दंडाचं नंतर बघता येतं, कापलेलं बोट परत येत नाही.

कंपनी ऐकत नसेल तर दोन नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. अमिरातीच्या कामगार मंत्रालयाचं कॉल सेंटर ६००५९०००० आणि भारत सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र ८०० ४६३४२. ज्यांचा पासपोर्ट ईसीआरचा आहे आणि जे इमिग्रेशन क्लिअरन्स घेऊन आलेत, त्यांचा प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा निघालेला असतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपयांपर्यंत. मुदत दोन किंवा तीन वर्षं, तेव्हा कागद काढून तारीख बघा आणि त्याचा एक फोटो घरी बायकोला किंवा भावाला पाठवून ठेवा. कागद इथे लॉकरमध्ये आणि माणूस हॉस्पिटलमध्ये, असं झालं की घरच्यांना काहीच कळत नाही.

फोरमन आणि सुपरवायझर भावांना

शेवटचं तुमच्याशी, म्हणजे माझ्याशीच. आपण डिप्लोमा करून आलोय, आपल्याला बार आणि पीएसआय कळतं. हेल्परला कळत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तो आपल्याला दादा म्हणतो, साहेब म्हणतो, आपल्या एका शब्दावर मशीन उचलतो. तो शब्द टाकायच्या आधी एक मिनिट मशीनकडे बघायला काय जातं? टूलबॉक्स टॉकमध्ये हार्नेस आणि हेल्मेटबरोबर पाच मिनिटं या मशीनला द्या. गनवरची वायर स्वतःच्या हाताने कापा, सगळ्यांसमोर. लाल नोझल आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवा. चालवणाऱ्या दोघा-तिघांची नावं ठरवा, त्यांना शिकवा, बाकीच्यांनी हात लावायचा नाही.

जळगावचा तो पोरगा अजून आमच्याच साइटवर आहे. त्याला स्टोअरमध्ये घेतलंय. प्रेशर वॉशर आता त्याच्या ताब्यात असतो. मागच्या आठवड्यात एक नवा हेल्पर मशीन मागायला आला आणि म्हणाला, “द्या लवकर, पाणीच तर मारायचंय.” याने काही भाषण दिलं नाही. डावा हात पुढे केला आणि म्हणाला, “मूठ आवळतो, बघ.” चार बोटं वळली. एक सरळ राहिलं. मग त्याने गॉगल काढून त्याच्या हातात दिला आणि पाइप तपासायला लागला.

तुमच्या साइटवर, कॅम्पवर, गॅरेजमध्ये असं मशीन असेल तर उद्या सकाळी जाऊन त्याचा ट्रिगर बघा. वायर बांधलेली असेल तर तोडा, आणि ज्याने बांधली त्याला रागावू नका, फक्त हे वाचून दाखवा.